अक्काचा उलटा उतार

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. भिंत सरळ उभी राहतेय का ते बघायला गवंडी दोरीच्या टोकाला जड गोळा बांधून सोडतात, तो ओळंबा. हा माणूसही तसाच. उंच, काटकुळा, डोकं अंगाच्या मानाने जरा जड, आणि कुठेही उभा केला तरी वरून सोडल्यासारखा ताठ. त्याच्या लग्नाच्या फोटोत नवरी हसतेय, पाहुणे हसताहेत आणि मधोमध हा असा उभा, की फोटो भिंतीवर तिरका झाला तर बायको त्याच्याकडे बघूनच सरळ करते.

धंदा त्याचा एकच. घराच्या फाटकापासून गॅरेजपर्यंत गाडी आत घ्यायची जी वाट असते, ती पक्की करून द्यायची. विटा म्हणा, फरशी म्हणा, पेव्हर ब्लॉक म्हणा, तुम्ही म्हणाल ते. भिंतींच्या भानगडीत तो कधी पडला नाही. "भिंतीकडे सगळे बघतात," तो म्हणायचा. "वाटेकडे कोण बघतंय? तिने गुपचूप पाणी बाहेर घालवायचं आणि पडून राहायचं. मला असंच काम बरं."

त्याची पद्धत ठरलेली होती. गॅरेजपाशी एक खुंटी, फाटकापाशी एक खुंटी आणि मध्ये ताणलेली दोरी. प्रत्येक खुंटीवर पेन्सिलीच्या दोन खुणा. खालची खूण खडीच्या थराची, वरची ब्लॉकची. आधी दोरी खालच्या खुणेला बांधून खडी पसरायची, मग दोरी वरच्या खुणेला बांधून ब्लॉक बसवायचे. गॅरेजकडची खुंटी नेहमी थोडी उंच, म्हणजे पाणी आपसूक रस्त्याकडे जातं. एकदा दोरी बांधली की ओळंबा स्वतःचं डोकं चालवायचा नाही. दोरी सांगेल तसं करायचा. दोरी खोटं बोलत नाही, यावर त्याची भारी श्रद्धा.

आणि शेवटी बादली. काम संपलं की घरमालकाने गॅरेजच्या दारात उभं राहून बादलीभर पाणी ओतायचं, असा त्याचा शिरस्ता होता. पाणी निघायचं, ब्लॉकच्या फटींतून वळणं घेत फाटकाकडे जायचं आणि घरातली सगळी माणसं त्याच्या मागे मागे चालत जायची. पाणी फाटकाबाहेर पडलं की घरमालक म्हणायचा, "वा!" ओळंबाला एवढं ऐकलं की पुरे. तो हत्यारं गोळा करायचा आणि चहा प्यायला बसायचा. सबंध शहरात अशा त्याच्या हातच्या वाटा होत्या, आणि सगळ्यांवरून पाणी मुकाट बाहेर जात होतं.

एक सोडून. आणि ती एक कुठे असावी? तर सख्ख्या बहिणीच्या दारात!

अक्का त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली म्हणून तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, शाळा सोडली तेव्हा दोन धपाटे घातले आणि दुसऱ्या दिवशी पहिली थापी आणून हातात दिली. तिचा नवरा, म्हणजे दाजी, एका कचेरीत टायपिस्ट होते. देवमाणूस. पण हात असे की खिळा मारायला गेले की आधी स्वतःचा अंगठा ठेचणार आणि मग शेजाऱ्याचा दिवस घालवणार. घरात त्यांनी लावलेली एक वस्तू धड जागेवर नव्हती, कारण त्यांना कुणी काही लावूच द्यायचं नाही. मेव्हण्याने वाट करायला घेतली तेव्हा दाजी बाह्या सरसावून आले. ओळंबा त्यांच्या पाया पडायचा तेवढा बाकी राहिला. "दाजी, तुम्ही फक्त चहा आणा. बाकी कशाला हात लावू नका." दाजींनी मनापासून चहा आणला. त्या दिवशी ते जरा लंगडत होते, बाथरूममध्ये घसरले म्हणाले. ओळंबाने वाळू आणायला जाण्याआधी दोरी बांधली, येऊन दोरीबरहुकूम ब्लॉक बसवले, आणि दुसऱ्या दिवशी अक्काने गॅरेजच्या दारात उभं राहून बादली ओतली.

पाणी निघालं नाही. जागच्या जागी घुटमळलं, जणू विचार केला, आणि वळून गॅरेजात शिरलं.

ओळंबाने उतार बघायची पाणसळ लावून बघितली. उतार सगळा घराकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. दाजी म्हणाले, "असू दे रे, होतं असं," आणि स्वतःच फडकं घेऊन गॅरेज पुसायला लागले. ओळंबा वाट परत करायचं म्हणाला की दाजी 'बघू, उद्या' म्हणून टाळायचे, आणि काही महिन्यांतच ते गेले. पेपर वाचता वाचता, खुर्चीत बसल्या बसल्या. भेटायला येणारी माणसं कमी झाल्यावर ओळंबा अक्काला म्हणाला, "अक्का, ती वाट उकरून टाकतो. पहिल्यापासून नीट करून देतो." अक्काने त्याच्याकडे बघितलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून बोलणं बंद.

नुसतं बंद असतं तरी सोसलं असतं. पण ओळंबा तिच्या घरावरून जायला लागला की अक्का शिलाई मशीन सोडून उठायची. दाजींची गाडी विकल्यावर गॅरेजात तिने शिवणकाम थाटलं होतं, पाणी लागू नये म्हणून मशीन विटांवर चढवून. ती उठायची, बादली घ्यायची, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून वाटेवर ओतायची. पाणी घरात जायचं. ती वाट बघत उभी राहायची. हा मान खाली घालून पुढे जायचा. मागच्या रस्त्याने लांबचा वळसा होता, पण ओळंबा वळसा घ्यायचा नाही. "तेवढंच तोंड दिसतं तिचं," असं बायकोला सांगायचा. बायको म्हणायची, "आणि तिला तुमची मान दिसते. छान चाललंय भावाबहिणीचं."

अशी सगळी स्थिती असताना शहराने झाडू-गाडी विकत घेतली.

गाडी देखणी होती. पुढे दोन गोल ब्रश, मागे कचरा ओढून घेणारं पोट. पण कच्च्या वाटा असलेल्या घरांतून निघणाऱ्या गाड्या चाकांबरोबर खडी आणि चिखल रस्त्यावर आणायच्या, आणि झाडू-गाडीला खडी पचेना. ती गिळायची आणि मागून उडवायची. दुधवाल्याच्या खिडकीची काच गेली, हेडमास्तरांच्या टकलाला टेंगूळ आलं. नगराध्यक्षबाईंनी तातडीने सभा बोलावली आणि जाहीर केलं की ज्यांच्या वाटा कच्च्या आहेत त्यांनी त्या पक्क्या कराव्यात, म्हणून घरपट्टीत सूट देण्याचा विचार चालू आहे.

सभागृह खच्चून भरलं होतं. ओळंबा आणि त्याची बायको मागच्या बाकावर होती. ओळंबाच्या मनात लाडू फुटत होते, आता काम मिळणार म्हणून.

पहिल्यांदा उठला एक भाडेकरू. "मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. मला वाटच नाही. मला सूट का नाही?"

"तुमच्याकडे पक्कं करायला काही आहे का?" नगराध्यक्षबाईंनी विचारलं.

"गॅलरी आहे."

"नोंद घेऊ. विचार करू."

मग एक आजीबाई उठल्या. "माझी वाट अर्धी पक्की आहे. नवऱ्याच्या बाजूची. माझ्या बाजूची मातीचीच राहिली."

"तोही विचार करू."

मग हेडमास्तर उठले. निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण उभे राहिले की समोरच्याला आपला गृहपाठ राहिलाय असं वाटायचं. "ज्यांनी आपल्या वाटा स्वखर्चाने आधीच पक्क्या केल्यात, त्या सुजाण नागरिकांना काय मिळणार?"

नगराध्यक्षबाई गोंधळल्या. त्यांनी शेजारच्या इंजिनिअरसाहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "त्यांनी आधीच केलंय ना? मग त्यांना प्रोत्साहन कशाला? प्रोत्साहन कच्च्यालाच."

 माणसं एकमेकांकडे बघायला लागली. ओळंबाच्या बायकोने कपाळावर हात मारला. "झालं," ती म्हणाली. "आता हे सगळे फोडणार."

"काय फोडणार?" ओळंबाने विचारलं. भोळा माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तर दारात हजर. "कुदळ घेऊन ये."

"कशाला, सर?"

"माझी वाट फोडायची आहे. सूट मिळाली की परत तुलाच करायला सांगेन. डबल काम. तुझा फायदाच बघतोय मी."

ओळंबाला आधी हसू आलं आणि मग आलेलं हसू गेलं. हेडमास्तरांची वाट त्याने भर उन्हात, गुडघे सोलेपर्यंत बसवली होती. बादली ओतली तेव्हा हेडमास्तरांनी "वा!" न म्हणता "उत्तम" म्हटलं होतं, आणि शाळेत असताना त्याला हा शब्द कधीच ऐकायला मिळाला नव्हता. आता त्याच 'उत्तम'वर कुदळ घालायची. घातली बिचाऱ्याने. नाही म्हटलं असतं तर दुसरं कुणीतरी येऊन वेडंवाकडं फोडलं असतं, ते त्याहून वाईट. निदान आपण ब्लॉक अख्खे तरी काढू, असं म्हणत तो एकेक ब्लॉक सोडवायला बसला. हेडमास्तरांना ते पटेना. "अख्खे काढू नकोस रे, पक्की होती असं वाटेल. चुरा कर."

मग रीघच लागली. डॉक्टरीणबाईंची वाट, बेकरीवाल्याची वाट, दुधवाल्याच्या मेव्हण्याची वाट. ज्यांची घरं फाटकाला लागूनच होती त्यांनी फाटक पुढे रस्त्याकडे सरकवून मध्ये कच्ची वाट तयार केली. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूने गॅलरीत माती आणून टाकली आणि खालच्या मजल्यावर गळायला लागली तेव्हा म्हणाला, "गळू दे, पुरावा आहे." आजीबाईंनी नवऱ्याच्या बाजूची फोडून घेतली. नवरा ओरडत होता, आजीबाई पहिल्यांदाच समाधानी दिसत होत्या. आणि ज्यांनी आळसापायी आजवर वाट पक्की केलीच नव्हती, ती माणसं आता छाती पुढे काढून चालायला लागली, दूरदृष्टीची म्हणून.

ओळंबाला घाम पुसायला फुरसत नव्हती, पण घरी आला की जेवण जाईना. "काय फोडलंत आज?" बायको विचारायची.

"वळणावरची. ती अर्धगोलाची."

"ती तर तुम्ही मला फिरायला नेऊन दाखवली होतीत. लग्नाच्या वाढदिवसाला!"

"हो."

"लोक आयुष्यभर कमावतात आणि मुलं उडवतात. तुम्ही कुणावर अवलंबून राहिला नाहीत, स्वतःच उडवताय." तिने त्याच्या ताटात पोळी वाढली आणि जरा हळू आवाजात म्हणाली, "खा हो. वाईट मलाही वाटतंय."

इंजिनिअरसाहेब पाहणीला निघाले तर सगळीकडे मातीच माती. ते घाबरले. आधी त्यांना वाटलं होतं, कच्च्या वाटा इथे तिथे थोड्याबहुत असतील. त्यांनी नगराध्यक्षबाईंना सांगितलं की समस्या समजलो त्यापेक्षा कितीतरी मोठी निघाली, तेव्हा घाई करून चालणार नाही, विचार आणखी खोलवर करावा लागेल. विचार लांबला हे कळल्यावर उरलेल्यांनाही धीर आला. अजून वेळ आहे म्हणून त्यांनीही फोडून घेतल्या.

या सगळ्या धुरळ्यात ओळंबा मनात मात्र एक आशा धरून होता, आणि ती तो बायकोलाही सांगत नव्हता. सगळं शहर फोडतंय. अक्काही फोडेल. घरपट्टी तिलाही आहेच की! ती म्हणेल, धाकट्या, ये. लहानपणापासून ती त्याला धाकट्याच म्हणायची. तो जाईल, ती नालायक वाट उपटून टाकेल, नवी दोरी बांधेल, उतार बाहेर काढेल, आणि अक्का बादली ओतेल. पाणी फाटकाबाहेर जाईल. अक्का "वा" म्हणाली नाही तरी चालेल. नुसतं काहीतरी म्हणू दे.

ती बोलवीना तेव्हा एका सकाळी तो आपणहून कुदळ घेऊन तिच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. शेजारच्या डॉक्टरीणबाई कुंपणापाशी होत्या. अक्का गॅरेजातून बाहेर आली, हातात बादली.

"अक्का, तुझी तेवढी राहिलीय," ओळंबा म्हणाला. "फोडून घे. नवी करून देतो. सुटीबिटीचं जाऊ दे, माझ्यासाठी."

अक्काने कुदळीकडे बघितलं. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "त्या गवंड्याला सांगा, माझी वाट फोडायची नाही."

"ती म्हणतेय, फोडायची नाही," डॉक्टरीणबाईंनी हातभर अंतरावरून सांगितलं.

"त्यांना विचारा, का?"

डॉक्टरीणबाईंनी विचारलं. अक्काने बादली ओतली. पाणी घरात गेलं आणि ती नेहमीसारखी त्याच्याकडे बघत उभी राहिली. ओळंबाचे डोळे भरून आले. तो कुदळ खांद्यावर टाकून आला तसा परत गेला, आणि त्या दिवशी बेकरीवाल्याची राहिलेली वाट त्याने इतक्या रागाने फोडली की बेकरीवाला म्हणाला, पायाला धक्का लावू नका, घर राहू दे.

यथावकाश पाऊस पडला आणि सगळ्या शहराचा राडा झाला. गाड्या फाटकातच रुतायला लागल्या. माणसं बूट हातात घेऊन कामावर जाऊ लागली. आणि शहराचा अभिमान ती झाडू-गाडी हेडमास्तरांच्या दारासमोर चिखलात शिरली ती ब्रश गरगर फिरवत तिथेच बसली. सूट मात्र अजून विचारातच होती. नगराध्यक्षबाईंच्या कचेरीवर लोक चिखलाच्या पायांनीच जायला लागले. बाई गांगरल्या. सूट द्यावी तर सगळ्या शहराला द्यावी लागेल, न द्यावी तर सगळं शहर अंगावर येईल.

शेवटी त्यांना युक्ती सुचली. लोकांना आधी एक आदर्श वाट दाखवू. पक्की वाट काय असते हे डोळ्यांनी बघितलं की सुटीशिवायही करतील. "शहरात एखादी तरी पक्की वाट असेलच ना?" त्यांनी विचारलं.

इंजिनिअरसाहेबांनी शहर पालथं घातलं. पक्की वाट एकच उरली होती. अक्काची.

ओळंबाला निरोप आला तेव्हा तो जेवत होता. नगराध्यक्षबाई, सदस्य आणि समस्त नागरिक अक्काच्या घरी येणार, कारागीर म्हणून त्याचा सत्कार होणार, आणि त्याची ती प्रसिद्ध बादली ओतून दाखवली जाणार. घास त्याच्या घशातच अडकला. बायकोने पाठीवर थापटी मारली. "आजारी आहे म्हणून सांगू?"

"नको."

"अहो, सगळ्यांदेखत पाणी घरात जाईल!"

"जाऊ दे. इतकी वर्षं ती एकटी बघतेय. आता सगळ्यांनी बघू दे. मीच सांगतो, चूक माझी म्हणून. मोकळा तरी होईन." असं म्हणाला खरा, पण ताटातलं तसंच टाकून उठला. सगळ्या वाटा गेल्या होत्या. उरली होती ती हीच, आणि हिच्यावरून त्याची किंमत होणार होती.

समारंभाच्या दिवशी ऊन पडलं. पाहुण्यांना उन्हाचा त्रास नको म्हणून इंजिनिअरसाहेबांनी खुर्च्या गॅरेजात मांडल्या, शिलाई मशीन बाजूला सारून. मधोमध नगराध्यक्षबाई, पायांत नवे कापडी बूट. बाकी शहर फाटकाबाहेर चिखलात. बाईंनी भाषण केलं, की पाहा, किती सुंदर, किती कोरडं. मग म्हणाल्या, "आता ताईंनी बादली ओतावी."

अक्का भरलेली बादली घेऊन वाटेच्या मधोमध आली. कुंपणाशी उभ्या असलेल्या ओळंबाकडे तिने नेहमीसारखं डोळ्यांत डोळे घालून बघितलं. ह्या वेळी त्याने मान खाली घातली नाही.

तिने बादली उपडी केली. पाणी घुटमळलं नाही की काही नाही, वर्षानुवर्षांच्या सवयीने थेट घराकडे निघालं, गॅरेजात शिरलं, पहिल्या रांगेखालून गेलं आणि नगराध्यक्षबाईंच्या नव्या बुटांत जाऊन स्थिरावलं.

 बाईंनी हळूच एक पाय उचलला, मग दुसरा. दोन्ही पाय अधांतरी धरून त्यांनी विचारलं, "हे काय? पाणी आत का आलं? कुणी केली ही वाट?"

ओळंबाने घसा खाकरला. "मी—"

"माझ्या भावाने," अक्का मोठ्याने म्हणाली. "आणि उतार बरोबर आहे. घर चुकीच्या जागी आहे."

 इंजिनिअरसाहेब उठले. त्यांनी उताराकडे बघितलं, मग वळून घराकडे बघितलं, एक डोळा मिटून बघितलं. "मुद्दा विचार करण्यासारखा आहे," ते म्हणाले. "घर जर तिकडे, रस्त्यापाशी असतं, तर पाणी अगदी बरोबर गेलं असतं."

"म्हणजे दोष वाटांचा नाहीच?" नगराध्यक्षबाईंनी पाय अधांतरीच ठेवून विचारलं.

"घरांच्या जागांचाही असू शकतो."

बाईंचा चेहरा उजळला. शहर अंगावर येण्यापेक्षा हे बरं. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की वाटांच्या सुटीचा विचार तूर्त बाजूला ठेवून, घरं योग्य जागी हलवणाऱ्यांना काही सूट देता येईल का, याचा विचार सुरू करण्यात येत आहे. फाटकाबाहेर एकदम कुजबुज उठली. ज्यांची घरं आधीच योग्य जागी होती ते चिंतेत पडले. हेडमास्तर घाईघाईने घराकडे निघालेले दिसले.

लोक पांगले. ओळंबा तसाच कुंपणाशी उभा होता. अक्काने खुर्च्या एकात एक घातल्या, फडक्याने गॅरेज पुसलं, आणि पाठमोरीच म्हणाली, "धाकट्या, आत ये. किती वेळ उभा राहणार?"

किती वर्षांनी तो शब्द! ओळंबा आत आला आणि विटांवरच्या मशीनशेजारी खाली बसला. "तू सगळ्यांसमोर खोटं बोललीस," तो म्हणाला. "चूक माझी होती."

"तुझी नव्हती," अक्का म्हणाली. "तू वाळू आणायला गेला होतास. हे चहाचा ट्रे घेऊन निघाले आणि दोरीत पाय अडकून सपशेल पडले. गॅरेजकडची खुंटी उपटून आली. मी खिडकीतून बघत होते. उठले, इकडेतिकडे बघितलं, खुंटी जागेवर ठोकली आणि दोरी परत बांधली. खालच्या खुणेला. नवीन चहा करून आणला, तेव्हा लंगडत होते बघ."

"बाथरूममध्ये घसरले म्हणाले होते."

"बाथरूममध्ये कसले घसरतायत! दुसऱ्या दिवशी पाणी उलटं गेलं तेव्हा मला आत घेऊन गेले. म्हणाले, तू सांगू नकोस, मला लाज वाटते, त्याने फक्त चहा आणायला सांगितला होता, माझं मीच सांगेन त्याला. रोज म्हणायचे, उद्या सांगतो. उद्या सांगतो करता करता गेले." अक्काने डोळ्यांना पदर लावला. "आणि तू येऊन म्हणालास, उकरून टाकतो. सगळ्या घरात त्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं तेवढंच रे होतं. धड नव्हतं, पण त्यांचं होतं. उकरू कशी देऊ? आणि का नाही ते सांगू कशी? शब्द दिला होता. पण आज तू सगळ्यांदेखत चूक अंगावर घ्यायला निघालास, ते काही मला बघवलं नाही."

ओळंबा दारातून वाटेकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "मग ती बादली गं? येता-जाता माझ्यासमोर?"

"अरे, मी सांगायचं नव्हतं, पण तुला कळायला काय हरकत होती?" अक्का एकदम तडकली. "मला वाटायचं, एवढा मोठा गवंडी, इतक्या वेळा बघतोय, एक ना एक दिवस म्हणेल की अक्का, हा उतार मी बांधलेल्या दोरीचा नाही! तू आपला दरवेळी मान खाली घालून निघून जायचास. दगड!"

ओळंबा हसायला गेला आणि त्याला हुंदका आला. लहानपणी रडायचा तसा तो गुडघ्यांत डोकं घालून रडला. अक्का त्याच्या जड डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि मधूनमधून "दगड" म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी तो हत्यारं घेऊन आला. कुदळ आणली नव्हती. गॅरेजच्या उंबऱ्याशी त्याने फक्त एक ओळ ब्लॉक काढले, तिथे चर खणला, चरावर लोखंडी जाळी बसवली आणि चर घराच्या कडेकडेने फिरवून रस्त्याला नेऊन सोडला. बाकी वाटेला हात लावला नाही. त्याची बायको बघायला आली होती. अक्काने बादली ओतली. पाणी दाजींच्या उताराने आरामात घराकडे आलं, उंबऱ्यापर्यंत पोचलं आणि आत शिरायच्या बेतात असतानाच जाळीत उतरून गेलं. तिघंही घराला वळसा घालून त्याच्या मागे मागे चालत गेली. पाणी रस्त्यावर आलं.

"वा!" ओळंबाची बायको म्हणाली.

 अक्काने रिकामी बादली ओळंबाच्या हातात दिली. "अजून एकदा ओत," ती म्हणाली. ओळंबा बादली घेऊन नळाकडे गेला.